शिवेचा दगड आणि धुर्पाबाई

वेल्ह्याच्या धुर्पाबाईंमुळे माझा संसार टिकला, हे सगळ्यात आधी लिहून ठेवते. काय झालं, कसं झालं ते पुढे येईलच. माझी शाळा चौथीत सुटली, लिहायचा सराव नाही. सांगता सांगता मी भलतीकडे जाते आणि मुख्य माणसाचं नाव राहून जातं. या खेपेला तसं व्हायला नको. नाव धुर्पाबाई. गाव वेल्हे. आम्ही तिथे राहिलो तेव्हा तो मुलूख भोर संस्थानात होता. आता संस्थान विलीन झालं, कचेरीवरची पाटी बदलली. धुर्पाबाई अजून आहेत.

मी वऱ्हाडातली. आमच्याकडे काळी जमीन नजर पोचेल तिथवर आडवी पसरलेली. पऱ्हाटीच्या शेतात उभं राहिलं तर कोसावरून येणारा माणूस दिसावा. लग्न होऊन भोरजवळ उत्रोलीला सासरी आले, तिथे जेमतेम महिना काढला आणि यजमानांना वेल्ह्याच्या शाळेवर नेमणूक मिळाली. बैलगाडी कानद खोऱ्यात शिरली आणि आडवं जग संपलं. सगळंच उभं. डोंगर उभे, शेतं पायऱ्यापायऱ्यांची, घरं उतारावर टेकलेली. आणि या सगळ्यांच्या डोक्यावर तोरणा. मी गाडीत मान खाली घालून बसले. मला खरोखर वाटत होतं, हा आता पडतो.

यजमान सकाळी शाळेत गेले की मी दाराला आतून कडी घालायची. कौलांवर वानर उडी मारून गेलं तरी घाम फुटायचा. रानातून काही ओरडलं की चूल पेटती ठेवून कोपऱ्यात बसायचं. असे तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी भर दुपारी दारावर थापा पडल्या.

"मास्तरीणबाई, दार उघडा. ताक नासंल माजं!"

मी फटीतून पाहिलं. ठेंगणी, काळीसावळी, काष्ट्याचं लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, कपाळ मोकळं, डोक्यावर चुंबळ आणि चुंबळीवर ताकाचं मडकं. वय पन्नाशीच्या पुढचं. मागे एक शेंबडा पोर, त्यांचा नातू किसन. मुलगा-सून मुंबईला गिरणीत, आणि हा आजीजवळ, हे मला पुढे कळलं.

मी दार उघडलं आणि का कोण जाणे, रडायलाच लागले. माहेरची बोली तोंडातून निघाली, "मले इथं भेव लागते."

त्यांनी मडकं उतरवलं, उंबऱ्यावर बसल्या. "कशाचं? येकयेक सांग."

"डोंगराचं."

"कंच्या?"

"त्या समोरच्या."

"नाव काय त्येचं?"

"तोरणा."

"मग? नाव ठावं हाय. कवापासून हितं हुबा हाय त्यो, अजून कुणाच्या अंगणात आल्याला न्हाई. त्यो गेला. म्होरलं?"

"रानातून काहीतरी ओरडतं."

"भेकर. हरणावानी असतंय, तुज्याहून भित्रं. गेलं. म्होरलं?"

अशी त्यांनी माझी सगळी भीती एकेक करून उंबऱ्यावर मांडायला लावली. शेवटी माझ्याकडे सांगायला काही उरलं नाही, तेव्हा म्हणाल्या, "बास? येवढ्यासाठी कडी लावून बसलीस? चल, गाव बघ."

धुर्पाबाईंची गाव दाखवायची एक रीत होती. त्या बोट दाखवून पुढे जायच्या नाहीत. प्रत्येक ठिकाणी थांबायच्या, हात लावायच्या आणि मलाही लावायला लावायच्या. मेंगाईच्या देवळाच्या खांबाला हात. पारावरच्या पिंपळाला हात. जुन्या वेशीचा एक चिरा उरला होता, त्याला हात. "ह्यो महाराजांच्या वक्ताचा," त्या म्हणायच्या. वेल्ह्यात धुर्पाबाईंच्या हिशेबी दोनच काळ होते, महाराजांचा वक्त आणि परवाचा दिस. मधलं त्यांनी काही धरलं नव्हतं.

मग त्यांनी मला गावाबाहेर ओढ्याकाठच्या बांधावर नेलं. अलीकडे संस्थान, पलीकडे खालसा, म्हणजे इंग्रजांचा मुलूख. मी इंग्रजांचा मुलूख म्हणजे काहीतरी निराळं असेल अशा समजुतीने पाहत होते. तीच खाचरं, तोच बांध, तीच बाभळ.

"हितनं थुकलं तर त्या सरकारात पडतंय," धुर्पाबाई म्हणाल्या. "माजी म्हस रोज परमुलखात चराया जाती आन दूध संस्थानात देती. तिला कुणी परवाना इचारत न्हाई. मानसाला इचारत्यात."

मी पहिल्यांदा हसले ते तेव्हा.

पुण्याहून कोणी मोठी माणसं, कॉलेजातली मुलं गड पाहायला आली की त्यांना वर न्यायचा मान धुर्पाबाईंच्या घरचा होता. नवऱ्याचा होता, तो गेल्यावर यांचा झाला. बाईमाणूस वाट दाखवतं म्हणून पाहुणे आधी कुजबुजायचे. गडाच्या बिनी दरवाजापाशी पोचेपर्यंत त्यांना धाप लागायची, आणि धुर्पाबाई डोक्यावर मडकं घेऊन पुढे, एका हातानं पदर सावरत. वर गेल्यावर ताक द्यायच्या आणि इतिहास सांगायच्या. गडावर महाराजांना धन सापडलं, ते हंडे किती, हा आकडा मात्र पाहुणे पाहून ठरायचा. दमलेल्या, साध्या माणसांना चार हंडे. घोड्यावरून पायथ्यापर्यंत आलेल्यांना बावीस.

एकदा यजमानांबरोबर मीही गेले होते. एका चष्मेवाल्या विद्यार्थ्यानं पिशवीतून पुस्तक काढलं. "बाई, इथं हंड्यांचा आकडा दिलेला नाही."

"मग लिवून घ्या की," धुर्पाबाई म्हणाल्या.

"पण तुम्हाला कोणी सांगितलं?"

"माज्या सासऱ्यानं. तुमच्या पुस्तकवाल्याला कुणी सांगितलं?"

"त्यांनी कागदपत्रं पाहिली असतील."

"गड बघितला का?"

मुलाला ते ठाऊक नव्हतं. "मग त्यांना म्हनावं, येकदा येऊन जावा. ताक पाजीन." बाकीची मुलं इतकी हसली की त्यानं पुस्तक परत पिशवीत घातलं. पण उतरताना धुर्पाबाईंनी त्यालाच हात धरून अवघड टप्पा उतरवला, आणि त्याच्या कानात म्हणाल्या, "पाच असत्याल. जास्ती न्हाई."

त्याच दिवशी मी आणखी एक पाहिलं. मुलं गडाच्या टोकाला बुधला माचीकडे जायचं म्हणाली. धुर्पाबाई जागेवर बसल्या. "तिकडं बघन्यासारखं काय न्हाई." मुलं हट्टाला पेटली. त्यांनी वाट सांगितली, कुठं हात धरायचा, कुठं बसून सरकायचं, सगळं नीट सांगितलं, पण स्वतः हलल्या नाहीत. मी त्यांच्याजवळ थांबले. ताक ओतताना मडक्याची कड भांड्यावर टक टक वाजत होती. नवरा तिथेच गवत कापताना गेला होता, हे मला यजमानांनी नंतर सांगितलं. माझी भीती एकेक करून उंबऱ्यावर मांडायला लावणाऱ्या बाईनं आपली एक तिथंच माचीवर ठेवून दिली होती, तिचं नाव न घेता.

आता माझी चूक.

आमच्या वऱ्हाडात दगड मिळायला मारामार. काळ्या मातीत खणत गेलं तर हातभर, पुरुषभर मातीच. धुण्याला बरा सपाट दगड ज्या घरी असेल त्या घरच्या बाईचा शेजारणी हेवा करतात. माझ्या आजीनं धुण्याचा दगड लग्नात आंदण म्हणून आणला होता, त्यावर आम्ही दुसऱ्या कोणाला पायसुद्धा ठेवू द्यायचो नाही. तशा मुलखातून मी आलेली. आषाढात ओढ्याच्या वरच्या बांधावर मला एक दगड दिसला. लांबट, गुडघ्याएवढा, पाठ घोटल्यासारखी गुळगुळीत. पावसानं बांध खचून तो आडवा पडला होता. एका अंगाला काहीतरी कोरलेलं, झिजून गेलेलं. कोणाच्या तरी मोडक्या देवळाचा असेल असं वाटलं. मी घरून पहार आणली, आणि तो दगड उलथत उलथत ओढ्यापर्यंत नेला. कोरलेली बाजू खाली घातली, गुळगुळीत वर केली. दोन महिने मी त्याच्यावर धुणं धुतलं. इतकं सुख मला वेल्ह्यात आल्यापासून झालं नव्हतं.

तो संस्थान आणि खालसा यांच्या शिवेचा दगड होता. खाली घातलेल्या अंगावर चंद्र-सूर्य कोरलेले होते.

हे मला कळलं ते भात पोटरीत आलं तेव्हा. बांधावरचं खाचर कोणाचं यावरून अलीकडच्या आणि पलीकडच्या शेतकऱ्यांत जुंपली. दगड जागेवर नाही. पलीकडचे म्हणाले, संस्थानवाल्यांनी उपटला. अलीकडचे म्हणाले, खालसावाल्यांनी. कोयते निघायचे बाकी राहिले. भोरहून कचेरीतले कारकून आले, चावडीवर दवंडी झाली: ज्यानं शिवेचा दगड हलवला असेल त्याला संस्थानातून हद्दपार करू, नोकर असेल तर आधी नोकरीवरून काढू.

यजमान घरी येऊन सहज म्हणाले, "कोणी मूर्खानं केलं असेल, घरदार बुडणार त्याचं."

मी चुलीतलं लाकूड पुढे सारत होते. हात तसाच राहिला. त्याच आठवड्यात मला दिवस गेल्याचंही कळलं होतं. सासू-सासरे, दोन दीर, सगळे यजमानांच्या त्या एका नोकरीवर. त्यांना सांगितलं असतं तर ते सरळ चावडीवर गेले असते. खोटं त्यांना जमत नाही. त्या दिवसापासून मी धुणं घरातच परातीत धुवायला लागले.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी धुर्पाबाईंच्या घरी गेले. त्या गोठ्यात शेण काढत होत्या. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. त्यांनी शेणाचे हात तसेच हवेत धरून ठेवले.

"पहारीनं?"

"होय."

"येकटीनं?"

"होय."

"आन चंद्रसूर्व्या खाली?"

"मला कळलंच नाही काय आहे ते."

"अगं माज्या कर्मा," त्या म्हणाल्या, आणि मला वाटलं ओरडतील, तर त्यांना हसू फुटलं. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. "दोन सरकारं कोयतं घ्येऊन हुबी, आन मदी मास्तरांची धोतरं वाळत्यात!"

"धुर्पाबाई, आपण तो परत नेऊन ठेवू. कोणाला कळणार नाही."

हसू गेलं. "आता न्हाई. आता बांधाव रोज धा डोळं. ठेवला तर म्हनतील संस्थानवाल्यांनी मनाजोगता रोवला. मग खरंच डोकी फुटत्याल." त्या ओढ्याच्या दिशेला पाहत राहिल्या. "ढेकूळ घ्यावं लागंल कुणीतरी."

ते काय, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. शिवेचा वाद मिटेना की ज्याला हद्द ठाऊक आहे अशा माणसानं अंघोळ करून, अनवाणी, वादातल्या जमिनीतलं मातीचं ढेकूळ डोक्यावर घ्यायचं आणि हद्द चालून दाखवायची. तो चालेल ती शीव. डोक्यावर ढेकूळ असेतो जे विचारतील त्याचं खरं उत्तर द्यायचं. खोटं चालला किंवा खोटं बोलला तर पंधरा दिवसांत त्याच्या घरात माणूस पडतं. जुनी रीत. कागदी मोजण्या आल्यापासून कमी झाली होती, पण तिथली माणसं टेबलावरच्या नकाशापेक्षा ढेकळाला जास्त मानायची, दोन्ही काठांवरची.

"हद्द कोणाला ठाऊक आहे?" मी विचारलं.

"वेसकर हुता, त्यो औंदा गेला. माज्या मालकाला तोंडपाठ हुती. मला बी हाय." त्या हात धुवायला उठल्या. "चालीन मी. पन इचारत्याल, दगड कुनी काडला."

त्यांच्या घरात माणूस म्हणजे किसन. खोटं बोलल्या तर किसन, खरं बोलल्या तर मी.

ज्या दिवशी चालायचं ठरलं, त्या दिवशी उजाडता उजाडता त्या आमच्या दारी आल्या. यजमान नदीवर अंघोळीला गेले होते. धुर्पाबाईंच्या हातात खणाची एक चोळी होती, हिरवी, नवी कोरी. सुनेसाठी ठेवलेली असावी. दुसऱ्या हातात फडक्यात अर्धी भाकरी.

"ओटी भराया माजं कपाळ मोकळं," त्या म्हणाल्या. "पन चोळी द्याया आईला कपाळ लागत न्हाई. घ्ये. आन ह्यो घास माज्या हातनं खा. आजपास्नं तू माज्या घरची."

मी चोळी घेतली, डोक्याला लावली. पण भाकरीचा घास हातात घेऊन तशीच राहिले. सासूबाईंनी निघताना शपथ घातली होती, तिथल्या कोणाकडचं शिजलेलं तोंडात घालशील तर माझं मेलेलं तोंड पाहशील. मी म्हटलं, "नंतर खाते." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग निघून गेल्या. तो घास मी गाईला घातला.

बांधावर दोन्ही गावं जमली होती. मी बायकांत मागे उभी राहिले, चिंचेच्या खोडाला धरून. पलीकडचा एक म्हातारा म्हणाला, "बाई चालनार? आन ती बी रांडमुंड?"

"तुमच्यात कुनी हद्द ठावं असल्याला बाप्या हाय का?" धुर्पाबाईंनी विचारलं. कोणी पुढे येईना. "मग वाटंतनं सरा."

कारकुनांनी मान हलवली. ओल्या केसांनी, अनवाणी, त्यांनी ढेकूळ उचललं, कडुलिंबाच्या डहाळीवर ठेवून डोक्यावर घेतलं आणि निघाल्या. रोज मडकं घेऊन गड चढणाऱ्या बाईला ते काय जड! पण मी पाहिलं, पहिल्या पावलाला त्या थांबल्या आणि ओठ हलले. मग चालू लागल्या. बांधावरून ओढ्याला समांतर, बाभळीला उजवी घालून, आणि एकदम खाचरात उतरल्या. उभ्या भातातून. ते खाचर पाटलांच्या भावकीचं होतं.

पाटील ओरडले, "धुर्पे! अगं आपल्याच खाचरातनं चाललीस! कोपरा जातोय त्यांच्यात!"

त्या न थांबता म्हणाल्या, "ढेकूळ डोक्याव हाय पाटील, तुमी न्हाई."

पलीकडची माणसं एकमेकांकडे बघू लागली. त्यांनाही हे अपेक्षित नव्हतं. धुर्पाबाई एका जागी उभ्या राहिल्या, टाच जमिनीत रुतवली. "हितं हुता दगड. खना." खणलं तर हातभर खाली दगडाच्या बुडाखाली भरलेली जुनी खडी लागली. दोन्ही गावांनी पाहिलं.

"आणि दगड?" कारकुनांनी विचारलं.

"वड्यात हाय. धुन्याला लावलाय."

"कोणी लावला?"

चिंचेची साल माझ्या नखांत शिरली होती. मला वाटलं, त्या आता वळून पाहतील. त्यांनी पाहिलं नाही.

"माज्या घरच्या बाईमानसानं लावला. दगड चांगला दिसला म्हनून. खोडीनं न्हाई, अजानपनानं."

कोणीतरी हसलं. "घरात बाईमानूस तू येकटीच की गं!"

धुर्पाबाई काही बोलल्या नाहीत. ढेकूळ उतरवून बांधाच्या कडेला ठेवलं, पदरानं तोंड पुसलं. सगळ्यांनी काय समजायचं ते समजून घेतलं. शपथेला उतरलेल्या, खरी हद्द दाखवणाऱ्या म्हाताऱ्या बाईला हद्दपार कोण करणार? कारकुनांनी खूप ताशेरे ओढले. पण पाटलांचा कोपरा गेला होता, आणि पाटील तो विसरले नाहीत. त्यांनी कचेरीत शब्द टाकला: शिवेचा दगड धुण्याला लावणाऱ्या बाईकडे महाराजांच्या गडाचा मान कशाला? पाहुण्यांना वर न्यायचं काम धुर्पाबाईंच्या घराकडून काढून पाटलांच्या माणसाला दिलं.

मी त्या दिवशी घरी येऊन देवापुढे पडून राहिले. सुटले, एवढंच कळत होतं. मग दिवस मोजायला लागले. रोज काही ना काही निमित्तानं किसन दिसतो का ते पाहून यायची. आठ दिवस तो दिसला, म्हशीच्या पाठीवर. नवव्या दिवशी नाही.

मी गेले तेव्हा तो घोंगडीत गुंडाळून पडला होता, दात वाजत होते, अंग तापलेलं. खोऱ्यात हिवताप काही नवा नव्हता. त्या दिवसांत घरोघरी तेच चाललं होतं. पण धुर्पाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, आणि तसा चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता. समोर ताट होतं, भाकरी तशीच.

"मास्तरीणबाई," त्या म्हणाल्या. आवाज बसला होता. "माजं बोलनं खरं हुतं न्हवं? तू माज्या घरची, व्हय ना? का म्या ढेकळाखाली खोटं बोलले?"

मला तो गाईला घातलेला घास आठवला. मला त्या क्षणी जितकी भीती वाटली तितकी ना तोरण्याची वाटली, ना दवंडीची. सगळं माझ्याच तोंडाशी येऊन थांबलं होतं. मी खाली बसले. त्यांच्या ताटातली भाकरी मोडली, कोरडीच, आणि खाल्ली. एक घास, दुसरा, तिसरा. मग म्हटलं, "आई, पाणी द्या."

त्यांनी तांब्या दिला. माझ्याकडे पाहत राहिल्या. मग किसनच्या कपाळावर हात ठेवून त्याला म्हणाल्या, "ऐकलंस का रं? आत्या आली तुजी."

यजमानांच्या पेटीत दवाखान्यातून आणलेल्या हिवतापाच्या, कोयनेलच्या गोळ्या होत्या. मी पळत जाऊन आणल्या. चार दिवसांनी ताप उतरला. गोळीनं उतरला की भाकरीनं, हे मी अजून ठरवू शकलेली नाही. धुर्पाबाईंनी तो प्रश्न कधी काढला नाही. पंधरावा दिवस सरला तेव्हा त्या आमच्या दारात ताक घेऊन आल्या आणि एवढंच म्हणाल्या, "प्या. पोटुशीला चांगलं असतंय."

पुढच्या वर्षी माझा मुलगा चार महिन्यांचा असताना यजमानांची भोरच्या शाळेवर बदली झाली. निघायच्या सकाळी गाडी गावाबाहेर पडत होती. पुण्याची पाच-सहा मुलं गडाकडे निघाली होती, पुढे पाटलांचा माणूस. खालच्या खाचरात धुर्पाबाई एकट्या कापणी करत होत्या. मी हात केला. त्यांनी पाहिलं नाही. त्या कमरेवर हात ठेवून मुलांकडे पाहत होत्या. पाटलांच्या माणसानं मुलांना भलत्याच वाटेला घातलं होतं, घसाऱ्याच्या. धुर्पाबाईंना राहवेना. विळा वर करून ओरडल्या, "डाव्या अंगानं रं पोरांनू! डाव्या अंगानं!"

मुलं थांबली, मागे वळून पाहू लागली. पाटलांच्या माणसानं त्यांना काहीतरी सांगून हातानंच उडवून लावलं. सगळे हसले आणि पुढे गेले. धुर्पाबाई तशाच उभ्या राहिल्या, शेवटचा मुलगा झाडीआड जाईपर्यंत. मग खाली वाकल्या. गाडीतून मला फक्त भात हललेलं दिसत होतं.

त्यानंतर मी वेल्ह्याला गेले नाही. भोर मोठं गाव. राजवाडा, नीरेचा घाट, रामनवमीचा उत्सव. पाहुणे आले की मी त्यांना सगळं दाखवते, आणि माझाही हात आपोआप खांबाला, चिऱ्याला लागतो. पण वेल्ह्याचं नाव निघालं की मी विषय बदलायची. बारा वर्षं बदलत आले. आधी नोकरीची भीती होती. मग संस्थान गेलं, ती हद्द गेली, दवंडी देणारी कचेरी गेली. तरी भीती गेली नाही. आता कशाची, ते मला सांगता येत नाही. वेल्ह्यात अजूनही कोणी म्हणतं म्हणे, "शिवेचा दगड धुन्याला लावनारी धुर्पी."

हे लिहून झाल्यावर मी कागद यजमानांपुढे ठेवले. त्यांना आजवर काही ठाऊक नव्हतं. त्यांनी सगळं वाचलं, चष्मा काढला. मग म्हणाले, "भातं निघाली की गाड्या मोकळ्या होतील."

म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहून देते. भातं निघाली की मी वेल्ह्याला जाईन. चावडीवर, दोन्ही काठांची माणसं असतील अशा बाजाराच्या दिवशी उभी राहीन आणि सांगेन की दगड मी उचलला, पहारीनं, एकटीनं. धुर्पाबाईंचा मान त्यांना परत मिळेल की नाही ते माझ्या हातात नाही. पण त्यांच्या नावावरचा तो दगड मी उचलून आणीन. आई, तेवढं थांबा.